करुणेचीही तालीम लागते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, त्यावर झेंडी चढवतात, आणि तिच्यासाठी दोन काठांवरची पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटे भिरकावतात. हाच गोटमार मेळा. दरवर्षी शेकडो जखमी होतात. माणसं दगावलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू वाटून पाहिले, जमावबंदी लावून पाहिली. गोटमार चालूच आहे. अशा ठिकाणी ध्यानाने मेंदूला करुणेचं वळण लागतं म्हटलं, की पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत हसू होणार.

पूर्वपक्ष असा: दया रक्तातच असावी लागते, डोळे मिटून ती येत नाही. पण झेंडी हाती आली की दोन्ही काठांचे लोक चंडीमातेच्या देवळात जातात. म्हणजे माया आहे. ती एका दिवसापुरती बाजूला ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली आहे. जी सवय लावता येते तिच्या उलट सवयही लावता येईल, हे मानायला कसली अडचण?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 2018 साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. ध्यान शिकवणारा स्वतःच संशोधनाचा सहलेखक असेल किंवा तुलनेचा गट नुसता बसवून ठेवलेला असेल, तेव्हाच करुणा वाढलेली दिसत होती! ध्यानाच्या भक्तांनी हे गिळूनच पुढे बोलावं. पण विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 2013 च्या प्रयोगात तुलनेच्या गटालाही मनाचंच वेगळं प्रशिक्षण दिलं होतं. दोन आठवडे, रोज अर्धा तास, ध्वनिमुद्रित सूचना ऐकून करुणेचा सराव करणाऱ्यांनी अन्याय झालेल्या अनोळखी माणसासाठी स्वतःचे पैसे जास्त सोडले. दुःख पाहताना त्यांच्या मेंदूची प्रतिक्रियाही बदलली होती. हा पैशांचा खेळ होता, नदीकाठचा उन्माद नव्हे, हे कबूल. तरी पूर्वपक्षाचं ‘येतच नाही’ इथे कोसळतं.

मात्र कोणतंही ध्यान चालेल, असं मी म्हणत नाही. शांत बसून स्वतःचा ताण हलका करणं ही निराळी गोष्ट. ताणमुक्त माणूस गोटाही नेमका मारेल. परक्याची वेदना नुसती अनुभवायला शिकवलं तर माणूस हैराण होतो; त्या परक्याचं भलं चिंतायला शिकवलं तर ती घुसमट ओसरते, असं संशोधक क्लिमेकी आणि सिंगर यांच्या 2014 च्या अभ्यासात दिसलं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात मैत्रीभावना, म्हणजे हेच भलं चिंतणं, अगदी शेवटी येते. माझ्या मते इथे तिच्यापासूनच सुरुवात हवी. आधी आपलं माणूस, मग अनोळखी, शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे तो. पांढुर्ण्याच्या पोराने सावरगावचं पोर डोळ्यांपुढे आणायचं, सावरगावच्याने पांढुर्ण्याचं.

आषाढ–श्रावणात दोन्ही काठांच्या शाळांत हे सुरू करावं. रबरी चेंडूने हातातली वस्तू बदलू पाहिली होती, समोरच्याकडे बघणारी नजर नव्हे. काही वर्षांनी मेळ्यातल्या उपचार केंद्रांच्या नोंदी काढाव्यात. जखमींत या शाळांतली मुलं पूर्वीइतकीच निघाली, तर माझं म्हणणं खुशाल जाममध्ये बुडवा.