यादीतून खोडलेले गाव

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ येत्या फेब्रुवारीत सहकुटुंब मेक्सिकोस जावयाचे आहेत. युकातान प्रांतातील चिचेन इत्सा हे माया लोकांचे प्राचीन नगर पाहावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. तीन दिवसांचा कार्यक्रम आखून द्यावा, अशी विनंती त्यांनी आम्हांस केली. आम्ही स्वतः तेथे गेलेलो नाही; परंतु ह्या विषयावरील वाचनाचा नाद आम्हांस जुना आहे.

आम्ही लिहिले: नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ प्रवासास उत्तम. मुक्काम वालादोलिद गावी करावा. तेथून चिचेन इत्सा सुमारे ४० किलोमीटर. दरवाजा उघडताच आत जावे, कारण पुढे ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. कुकुलकानच्या पिरॅमिडास चारही बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. माथ्याची एक धरली की ३६५ होतात. वर चढण्यास आता मनाई आहे. विषुवदिनांच्या सुमारास उत्तरेच्या जिन्यावर उतरणारी सर्पाकार छाया आपणांस दिसणार नाही, पण त्या दिवसांतली रेटारेटीही चुकेल. दुसऱ्या दिवशी इसामाल. तेथील फ्रान्सिस्कन मठ माया मंदिराच्या चौथऱ्यावर उभा आहे. १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे तेथे आदिवासी बांधवांना भेटले होते.

तिसऱ्या दिवसापुढे आम्ही ‘मानी’ असे लिहिले, आणि लागलीच खोडले.

वाचकहो, ह्या खोडण्याचे कारण सांगतो. इसामालचा तो मठ उभारण्यात पुढाकार घेणारे धर्मगुरू दिएगो दे लांदा ह्यांनीच १२ जुलै १५६२ रोजी मानी गावात माया लोकांच्या मूर्ती व चित्रलिपीतील ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. तत्पूर्वी मूर्तिपूजेच्या संशयावरून अनेकांचा अमानुष छळ झाला होता. त्या प्राचीन ग्रंथसंपदेपैकी आज जगात अवघे चार ग्रंथ उरले आहेत. त्याच वर्षी तेथे आलेले बिशप तोराल ह्यांनी ही चौकशी थांबविली. तेही फ्रान्सिस्कनच होते.

पुढे लांदांनी माया लोकांच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला व त्यात त्यांच्या लिपीतील काही चिन्हांचे उच्चार नोंदविले. ब्रासर द बूरबूर नामक फ्रेंच धर्मगुरूंना त्याची प्रत माद्रिदमध्ये सापडली आणि १८६४ साली त्यांनी ती छापली. १९५२ साली रशियन विद्वान युरी क्नोरोझोव्ह ह्यांनी त्याच नोंदींच्या आधारे माया लिपीच्या वाचनाचा मार्ग दाखविला. तथापि ह्या उपकाराने ती आग विझत नाही. जळालेले ग्रंथ कोणासही परत वाचता येणार नाहीत.

यादी पाहताच गृहस्थांनी विचारले, “फादर, हे काय खोडलेत?” आम्ही सारे सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “खोडलेत ते बरेच केलेत. मुलांच्या कानी हे कशाला?”

आमच्याच मनातले बोल त्यांच्या तोंडून ऐकले, आणि आम्हांस लाज वाटली. मुले उद्या हे कोठेतरी वाचतीलच. तेव्हा त्यांना प्रश्न पडेल, की आपल्या बापाने आणि फादरने हे का लपविले? आम्ही त्यांना आपल्या फादर स्टीफन्सांची आठवण दिली. ते परदेशातून गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि मराठीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते छापले गेले. त्या मूळ छापील आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही, हस्तलिखितांनी ते तारले. ग्रंथ नाहीसा होणे म्हणजे काय, हे आपणांस कळावयास हवे. मुलांना स्टीफन्स अभिमानाने सांगावयाचे, तर लांदाही सांगितले पाहिजेत.

गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून लेखणी काढली आणि कागद आमच्यापुढे सरकविला. आम्ही तिसऱ्या दिवसापुढे ते नाव पुन्हा लिहिले, ह्या वेळी स्वच्छ अक्षरात.