आधी हिशोब, मग कानउघाडणी

"सब निकल गए, मैं ही रह गया." मालेगावात छोट्या व्यावसायिकांच्या वह्या लिहिताना आणि जीएसटीचे रिटर्न भरताना हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. बोलणारा कधी बारा लूमचा कारखानदार असतो, कधी बेकरीवाला, कधी मोबाइलच्या दुकानात बसणारा पंचविशीतला मुलगा. वही उघडली तर यातले बरेच जण तोट्यात नसतात. धंदा हळू चाललेला असतो, पण चाललेला असतो. तोटा असतो तो डोक्यात चालणाऱ्या बोलण्यात.

नोकरदाराच्या कामाचं मोजमाप करायला कुणीतरी साहेब असतो. धंदेवाल्याला वर कुणी नसतं. शटर ओढल्यावर त्याचा साहेब, त्याचा ऑडिटर आणि टोमणे मारणारा नातेवाईक, तिघेही त्याच्याच डोक्यात येऊन बसतात. त्यात हातात फोन. कुणी रेपियर लूम बसवल्याचं स्टेटस टाकतो, कुणी दुसरी शाखा उघडतो, कुणी दुबईहून रील पाठवतो. आपल्याला सोडून गाडी पुढे गेली, ही जी भीती वाटते तिला 'फोमो' म्हणतात. अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ज्यांच्यात ही भीती जास्त, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असं त्यांना आढळलं.

ही भीती मनातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. ती गल्ल्यातही हात घालते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. सुतासाठी राखलेला पैसा अशा खात्यात वळवलेला मी पाहिला आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सगळे कमावतायत, मीच मूर्ख ठरू का?" स्टेटसवर सातजण दिसतात. उरलेले ९३ जण स्टेटस टाकत नाहीत.

यावर आजकाल एक सोपा इलाज विकला जातो. सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, 'मी यशस्वी आहे, मी करोडपती होणार.' माझं मत या इलाजाच्या विरोधात आहे आणि त्याला आधारही आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी २००९ साली दाखवून दिलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं, त्यांना अशी गोड वाक्यं घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटतं. आतला माणूस अडाणी नसतो. खोटं बिल त्यालाही ओळखता येतं.

मग स्वतःशी बोलायचं कसं? मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांतून एक साधी गोष्ट पुढे आली. ताणाच्या वेळी 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून स्वतःशी बोललं, तर घालमेल कमी होते आणि काम बरं होतं. 'मी संपलो' या वाक्यापुढे जायला वाट नसते. 'तू सांग, या महिन्यात उधारी किती अडकली?' या प्रश्नाला मात्र उत्तर असतं.

आपल्या परंपरेत याला जुना शब्द आहे, मुहासबा. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये तो समजावताना दाखला दिला आहे तो व्यापाऱ्याचा. अक्कल हा व्यापारी आणि नफ्स हा त्याचा भागीदार. आधी भागीदाराशी अटी ठरवायच्या, मग त्याच्यावर नजर ठेवायची, मग हिशोब घ्यायचा. कानउघाडणीही आहे, पण ती हिशोबानंतर. आपण नेमकं उलटं करतो. हिशोब घेण्याआधीच भागीदाराला शिव्या घालतो आणि मग दुकानात त्याचं मन लागत नाही म्हणून आश्चर्य करतो.

आपल्या तरुणांच्या डोक्यात आणखी एक आवाज असतो. 'अपनी कौम से धंदा नहीं होता.' हे वाक्य बाहेरून आलेलं आहे, पण ऐकून ऐकून आपलंच वाटू लागलंय. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं आहे, तरी बँकांच्या कर्जातला वाटा कमी आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह' भाग ठरवल्याचंही समितीने लिहिलं. कर्ज नाकारलं गेलं तर तो तुमच्या लायकीचा निकाल नसतो. नकाराचं कारण लेखी मागा, पुन्हा अर्ज करा, तक्रार करा. मात्र दुकान अकरा वाजता उघडत असेल, तर त्याचा दोष बँकेवर ढकलू नका. कुठला दोष आपला, कुठला व्यवस्थेचा, हे वेगळं मांडता येणं म्हणजेच मुहासबा. सगळं स्वतःवर घेणारा खचतो. सगळं दुसऱ्यावर टाकणारा सुधारत नाही.

बोलून सगळं मिटतं असंही मी म्हणत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे फोन करणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे.

बाकीच्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे जुम्म्याला लूम बंद असतात. नमाजनंतर चहाला बसता, तेव्हा कुणी काय नवीन घेतलं याऐवजी दोन-तीन भरवशाच्या मित्रांनी एकमेकांना खरे आकडे सांगावेत: विक्री किती, उधारी किती, हातात उरलं किती. स्टेटस सगळे एकमेकांना दाखवतातच. वही दाखवू लागलात, तर 'मीच मागे राहिलो' म्हणणारे आपण एकटे नाही, एवढं तरी नक्की कळेल.