विमानांचा विलंब आणि खासगीकरणाची दोन मापे

इंडिगो कंपनीने 2025 च्या जुलैमध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम या शहरांना थेट विमानसेवा सुरू केली. भारतीय खासगी भांडवलाने जणू युरोपचे आकाश जिंकले, अशा थाटात या घटनेचे स्वागत झाले. परंतु ती विमाने इंडिगोची नव्हती. नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक कंपनीकडून बोइंग 787 जातीची विमाने भाड्याने आणण्यात आली होती. त्यांचे वैमानिकही नॉर्सचेच होते. मग इंडिगोची स्वतःची लांब पल्ल्याची विमाने कोठे होती? एअरबसच्या कारखान्यांच्या रांगेत! ए-321 एक्सएलआर हे विमान 2023 साली सेवेत येईल, असे एअरबसने 2019 मध्ये जाहीर केले होते. प्रत्यक्षात पहिले विमान स्पेनच्या आयबेरियाला 2024 च्या उत्तरार्धात मिळाले, आणि इंडिगोची पाळी 2026 च्या जानेवारीत आली. तेव्हा कोठे अथेन्सची सेवा सुरू करता आली. त्याहून मोठ्या ए-350 विमानांची मागणी 2024 मध्ये नोंदवली गेली. ती 2027 पासून मिळतील असे ठरले होते.

या साऱ्याला एकच उत्तर दिले जाते: जागतिक पुरवठा-साखळी विस्कळीत झाली आहे. हे उत्तर खोटे नाही. प्रश्न एवढाच की, हेच उत्तर सार्वजनिक क्षेत्रातील एअर इंडियाच्या बाबतीत कोणी मान्य का केले नाही?

ज्यांची स्मरणशक्ती सोयीनुसार चालते त्यांच्यासाठी तो इतिहास पुन्हा सांगणे भाग आहे. 2005 च्या डिसेंबरअखेर एअर इंडियाने बोइंगशी 68 विमानांचा करार केला. त्यांपैकी 27 विमाने 787 ड्रीमलायनर जातीची होती आणि ती 2008 पासून मिळावयाची होती. पहिले विमान दिल्लीत उतरले ते 2012 च्या सप्टेंबरमध्ये. चार वर्षे! ज्या विमानांच्या भरवशावर दूरच्या मार्गांची आखणी केली होती ती नाहीत, आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही, अशा स्थितीत ही कंपनी सापडली. विमाने आली तोच 2013 च्या जानेवारीत बॅटरीच्या दोषामुळे जगभरची सर्व ड्रीमलायनर विमाने काही महिने जमिनीवर बसवावी लागली. ऑस्ट्रेलियाची सेवा अखेर त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर सुरू झाली.

त्या काळात कोणी पुरवठा-साखळीचे नाव घेतले नाही. सरकारी कारभार, कामगारांची संख्या, संघटनांची दादागिरी हीच कारणे रोज उगाळली गेली. एवढी मोठी खरेदी जवळजवळ संपूर्णपणे कर्जावर करण्याचा निर्णय चुकीचा होता, यात शंका नाही. महालेखापालांनी 2011 च्या अहवालात त्यावर कठोर टीका केली. पण तो निर्णय काही विमानतळावर सामान चढवणाऱ्या कामगाराने घेतला नव्हता. आणि विलंब तर भारतात घडलाच नव्हता.

तो सिएटलमध्ये घडला. ड्रीमलायनर बांधताना बोइंगने पंखांपासून धडापर्यंत मोठमोठे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतील इतर कंपन्यांवर सोपवले. जोखीम दुसऱ्याच्या माथी, नफा आपल्या पदरी, असा हा हिशेब होता. कंपनीच्याच एका अभियंत्याने 2001 साली लेखी इशारा दिला होता की, अशा ठेकेदारीत कामाबरोबर नफाही बाहेर जातो आणि दोष निस्तरण्याचा खर्च तेवढा घरी राहतो. त्याचे कोणी ऐकले नाही. 2007 च्या जुलैमध्ये जगापुढे मिरवलेले पहिले ड्रीमलायनर आतून अपुरे होते; तात्पुरत्या खिळ्यांनी ते जोडलेले होते. पुढच्या वर्षी सुमारे 27,000 यंत्रकामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत ठेकेदारीला आळा घालण्याची मागणीही होती. कंपनीने त्याला उत्तर काय दिले? 2009 मध्ये ड्रीमलायनरची दुसरी जोडणी-शाखा तिने कामगार संघटना दुबळ्या असलेल्या दक्षिण कॅरोलायनात नेली.

2013 ते 2019 या काळात याच कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेण्यावर सुमारे 43 अब्ज डॉलर उधळले. त्याच काळात 737 मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसे मेली. 2024 मध्ये सुमारे 33,000 कामगारांनी सात आठवड्यांहून अधिक काळ संप केला, तेव्हा विमाने उशिरा मिळण्याचे खापर त्यांच्यावर फोडण्यात आले. 2014 साली गोठवलेले निवृत्तिवेतन परत मिळावे ही त्यांची मागणी मान्य झालीच नाही. 777-एक्स हे विमान 2020 मध्ये मिळावयाचे होते. त्याची तारीख 2027 वर गेली ती या संपाने नव्हे.

मोठ्या प्रवासी विमानांचा बाजार दोन कंपन्यांच्या मुठीत आहे. विमान उशिरा आले म्हणून गिऱ्हाइकाने जावे कोठे? दुसऱ्या दुकानाची रांगही तेवढीच लांब! या मक्तेदारीपुढे मालक सरकार आहे की टाटा, याने काडीचाही फरक पडत नाही. टाटांच्या एअर इंडियाने 2023 मध्ये 470 विमानांची मागणी नोंदवली. तरीही 2025 च्या सप्टेंबरपासून तिला दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद करावी लागली. नूतनीकरणासाठी ड्रीमलायनर विमाने बाजूला काढल्याने विमाने कमी पडतात आणि पाकिस्तानचे आकाश बंद आहे, अशी कारणे तिने दिली. ती खरी असतील. पण यावरून खासगी मालकी नालायक ठरली, असा अग्रलेख कोणी लिहिला नाही.

कानपूरला हवाई दलाच्या विमाननिर्मिती आगारातील कामगारांनी जोडलेले ॲव्हरो विमान 1961 साली उडाले आणि पुढे इंडियन एअरलाइन्सनेही ती विमाने वापरली. मूळ आराखडा ब्रिटिश होता हे खरे. पण हात येथले होते. ती वाट पुढे रुंद करण्याऐवजी सरकारांनी आयातीचा राजमार्ग धरला.

2022 च्या जानेवारीत एअर इंडिया विकली गेली. 18,000 कोटींच्या सौद्यात रोख रक्कम 2,700 कोटींचीच होती; उरलेले 15,300 कोटी म्हणजे टाटांनी पत्करलेले कर्ज. मुंबईत कलिना वसाहतीतील कामगारांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. ड्रीमलायनरच्या विलंबाने सार्वजनिक कंपनीचे काय नुकसान झाले हे महालेखापाल तपासू शकत होते, संसद विचारू शकत होती. आज त्याच बोइंगच्या विलंबाचा जाब त्याच नावाच्या कंपनीला संसदेत कोणी विचारू शकत नाही. उरलेले 46,262 कोटींचे कर्ज मात्र सरकारी मालकीच्या एका वेगळ्या कंपनीकडे वळवून जनतेच्याच खात्यावर ठेवण्यात आले.