कोकणच्या सहलीचा बेत

वैशाख लागला म्हणजे भर दुपारी सोलापूरच्या रस्त्यांवर माणूस दिसेनासा होतो. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, काळ्या रानाला भेगा पडतात आणि वार्षिक परीक्षेच्या ओझ्यातून मोकळी झालेली मुले घराच्या सावलीत बसून गावाला जाण्याच्या गोष्टी करू लागतात. त्या गोष्टींत समुद्राचे नाव निघाले नाही, असे सहसा होत नाही. उजनीचा जलाशय हेच ज्याने आजवर पाहिलेले सर्वांत मोठे पाणी, त्याला क्षितिजापर्यंत पसरलेल्या पाण्याची ओढ वाटावी, यात नवल ते कोणते?

मग एके रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील वडीलमंडळी कागद घेऊन बसतात. पहिल्या दिवशी रत्नागिरी आणि गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी जयगड व गुहागर, तिसऱ्या दिवशी उलट फिरून विजयदुर्ग, चौथ्या दिवशी मालवण, पाचव्या दिवशी वेंगुर्ले आणि जमल्यास गोवा! सुटी थोडी, खर्च मोठा. तेव्हा एवढे पैसे मोडून जावयाचे तर सारे पाहूनच यावे, असा त्यामागचा हिशेब असतो. या बेतात उणे एवढेच की, कोकण पाहावयास त्यात वेळ ठेवलेला नसतो. दिवसाचे सहा तास गाडीत जातात, दोन तास उपाहारगृहात जातात, आणि उरलेल्या वेळात मंडळी किनाऱ्यावर उतरून छायाचित्रे काढतात व पुढच्या गावाकडे धावतात. परत आल्यावर मुलांना विचारावे, तर कोणता किनारा कोठला हेही त्यांना नीट सांगता येत नाही.

याहून चांगला बेत करता येण्यासारखा आहे. गाव एकच निवडावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा आणि हा सारा बेत घरातील मुलांकडे सोपवावा. पैशांचा हिशेब वडिलांनी पाहावा. पण कोठे, केव्हा आणि कशासाठी जावयाचे, हे मुलांनी नकाशा पुढे ठेवून ठरवावे.

प्रथम काळाचा विचार. कोकणात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो; परंतु समुद्र त्याआधीच खवळू लागतो. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या मेअखेरीस बंद होतात. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलैपर्यंत सरकारी बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा हंगाम होय. म्हणजे सुटी जूनच्या मध्यापर्यंत असली, तरी सहलीला योग्य तो मेचा पहिला पंधरवडाच. कासवांची पिले समुद्राकडे धावताना पाहण्याची हौस असेल, तर मात्र मे महिना बहुधा उपयोगाचा नाही. वेळासच्या किनाऱ्यावर हा सोहळा मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये चालतो आणि तेव्हा सोलापूरची मुले परीक्षेच्या अभ्यासात असतात. सर्व गोष्टी एका सहलीत साधत नाहीत, हे नकाशापेक्षाही दिनदर्शिका अधिक स्पष्टपणे सांगते.

आता गावाचा विचार. किल्ल्याची ओढ असेल त्यांनी मालवण निवडावे. सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू करविले. चहूंकडून खारे पाणी असलेल्या या किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. तट आणि बुरूज सारेच पाहतात. पण दुष्काळी मुलखातील मुलाने आधी या विहिरींच्या काठावर उभे राहावे. कितीही भक्कम तट बांधला, तरी आत पाणी नसेल तर किल्ला काही दिवसांतच शत्रूच्या हाती जातो. तीन विहिरींना इतकी गोड नावे का पडली असतील, हे सोलापूरच्या मुलाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्यांना शांत गाव हवे, त्यांच्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड उत्तम. गणपतीपुळ्यापासून ते अगदी जवळ आहे. पण पुळ्याला उतरणाऱ्या शेकडो गाड्यांपैकी फारच थोड्या तिकडे वळतात. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते केशवसुत याच गावी १८६६ साली जन्मले. त्यांच्या घराचे स्मारक तेथे जपलेले आहे. मराठीच्या पुस्तकात ज्याचे नाव वाचले, तो कवी लहानपणी कोणत्या अंगणात खेळला, हे पाहावयास मिळणे काही लहानसहान गोष्ट नव्हे. मालगुंडास मुक्काम ठेवून एक दिवस रत्नागिरीस जाऊन येता येते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत राजा थिबाचा राजवाडा तेथे आहे. इंग्रजांनी या राजाला देशाबाहेर काढून रत्नागिरीत ठेवले आणि १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला.

सोलापूरहून रत्नागिरीस जाणारा रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा आहे. पुष्कळ मंडळी तो रात्रीच्या गाडीने झोपेत काटतात आणि एका मोठ्या पाठाला मुकतात. दिवसा निघावे. मंगळवेढ्याच्या परिसरातील ज्वारीची काळी शिवारे प्रथम लागतात. पुढे सांगोल्याचे उजाड माळ आणि त्यांत मधूनमधून डाळिंबाच्या बागा दिसतात. मिरजेकडे कृष्णेचे खोरे आले की हिरवा ऊस सुरू होतो. कोल्हापूर मागे टाकून मलकापूरच्या पुढे आंबा घाट उतरू लागले की, मातीचा रंगच पालटतो. काळी माती जाऊन जांभ्याची तांबडी माती येते, कौलारू घरे दिसू लागतात आणि वारा अंगाला चिकटू लागतो. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे ढग याच सह्याद्रीला अडतात आणि आपला बहुतेक भार पश्चिमेच्या अंगाला उतरवून टाकतात. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूरच्या वाट्यास जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर येतो. भूगोलाच्या पुस्तकातील ‘पर्जन्यच्छाया’ हा शब्द या घाटात प्रत्यक्ष दिसतो; मात्र त्यासाठी गाडीच्या खिडकीशी जागे असावयास हवे.

समुद्राची भेट घेण्यापूर्वी भरती-ओहोटी समजून घेणे अगत्याचे आहे. देशावरच्या मुलांना वाटते की समुद्र नेहमी एकाच जागी असतो. वस्तुतः तो दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा मागे हटतो. ही वेळ घरबसल्या काढण्याची एक जुनी रीत कोकणकिनाऱ्यावर चालत आलेली आहे. तिथीचा आकडा तिनाने गुणावा आणि चाराने भागावा. उत्तर येईल, त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही तेवढीच पुढे सरकते. हे या गणिताचे मर्म. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जोराने चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते मंदावते, त्याला भांग म्हणतात. तिथी पाहावयास पंचांग हवे आणि पंचांगासाठी सोलापूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रभर वापरले जाणारे दाते पंचांग सोलापुरातूनच निघते. मुलांनी सहलीच्या पाचही दिवसांच्या भरतीच्या वेळा घरीच वहीत मांडून ठेवाव्यात आणि तेथे गेल्यावर पडताळून पाहाव्यात. मात्र हे गणित अंदाजाचे आहे. पाण्यात कोठे व केव्हा उतरावे आणि कोठे मुळीच उतरू नये, हे गावातील कोळ्याला विचारल्यावाचून ठरवू नये. दरवर्षी कोकणच्या किनाऱ्यांवर बाहेरगावची धडधाकट पोहणारी माणसे बुडतात. विहिरीत पोहता येणे निराळे आणि मागे ओढून नेणाऱ्या लाटेत पोहणे निराळे. वाळूत मोटार घालण्याचा नवा शौकही तसाच अविचाराचा. चढत्या पाण्यात गाडी रुतते ती रुततेच, शिवाय वाळूखाली कासवांची अंडी असतील तर तीही चिरडतात.

एका गावी मुक्काम का करावा, याचे खरे उत्तर मे महिन्यातील कोकणी माणसाच्या दिनक्रमात आहे. पाहुण्यांची सुटी असते, तेव्हा कोकणाची ती सर्वांत घाईची वेळ असते. पाऊस चार आठवड्यांवर आलेला असतो. झाडावर उरलेला हापूस झेल्याने उतरवून, पेंढ्यात घालून, पेट्या भरून पाठवावयाचा असतो. रातांबे फोडून त्यांची आमसुले उन्हात वाळत घालावयाची असतात. आंबापोळी, फणसपोळी, सुकी मासळी या साऱ्याला कडक ऊन लागते आणि ते ऊन आता थोडेच दिवस मिळणार असते. घराची कौले परतावयाची, सरपण कोरडे करून आत घ्यावयाचे, मिठामिरचीचा साठा करावयाचा. पावसाळ्याच्या या तयारीला तेथे ‘आगोट’ म्हणतात. एका रात्रीपुरता आलेला प्रवासी यांतील काहीच पाहत नाही. फार तर पेटीचा भाव विचारतो आणि तो महाग म्हणून कुरकुरतो. चार दिवस राहिलेले मूल मात्र तिसऱ्या दिवशी रातांबे फोडावयास बसते, त्याचे हात लाल होतात, आणि चवथ्या दिवशी हापूस महाग का, हे त्याला बापापेक्षा अधिक समजलेले असते.

आणि पाणी! ज्या प्रदेशात इतका पाऊस कोसळतो, तेथे उन्हाळ्यात पाणी कसे आटेल, असे सोलापूरकराला वाटते. तथापि मे महिन्यात कोकणातील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर थोडे, उतार मोठा आणि जमीन जांभ्याची, सच्छिद्र. आलेले पाणी थांबतच नाही, ते खाडीवाटे समुद्रास जाऊन मिळते. अशा दिवसांत गावात पाहुण्यांची गर्दी होते. यजमान नाही म्हणत नाही. पाहुण्याच्या न्हाणीघरात पाणी भरलेले असते. ते कोणी, कोठल्या विहिरीवरून आणले, हे पाहुण्याला दिसत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाने तेथे तासभर फवाऱ्याखाली उभे राहावे, हे एक वेळ समजेल. सोलापूरच्या माणसाने ते केल्यास त्याला क्षमा नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या आजोबांनी पाहिला, नळाच्या पाण्यासाठी ज्यांच्या आईने चार-चार दिवस वाट पाहिली आहे, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तळे खोदविले ही कथा ज्यांनी सिद्धेश्वराच्या यात्रेत ऐकली आहे, त्यांना परक्या गावातील बादलीची किंमत कळलीच पाहिजे. समुद्रात खेळून आल्यावर एक बादली पुरते. तेवढ्यात भागविणारा पाहुणा गावाच्या ध्यानात राहतो.

एकच गाव पाहिल्यास इतर गावे राहून जातील, अशी तक्रार होईल. ती राहतील, हे खरेच आहे. परंतु राहिलेली गावे पुढच्या सुटीला असतातच. धावत पाहिलेले गाव मात्र ‘पाहून झाले’ या सदरात जाते आणि तिकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. तेव्हा नुकसान कोणत्या बेतात अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सोलापुरात अशीही पुष्कळ घरे आहेत की, जेथे आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर उभे असतात आणि सुटीत समुद्र पाहावयास जाणे या वर्षी तरी शक्य नसते. त्या घरच्या मुलांनी हा पाठ आपला नव्हे असे समजू नये. पंचांग आणि नकाशा यांना भाडे पडत नाही. भरतीचे गणित त्यांनीही मांडावे. शिवाय कोल्हापूर, पुणे किंवा कोकणातून एखाद्याच्या घरी पाहुणा आला, तर यजमानपण त्यांच्याकडे येते.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. एक सोलापुरी चादर, शेंगाचटणीची पुडी आणि चार कडक भाकरी बरोबर असाव्यात. भाकरी प्रवासात टिकते आणि भाताच्या मुलखात तिचे कौतुक होते. मात्र त्याहून महत्त्वाची तयारी निराळीच आहे. यजमानांची मुले प्रश्न विचारतील. ज्वारीचे कणीस कसे असते? हुरडा म्हणजे काय? चादरीवरची नक्षी दोन्ही बाजूंनी कशी उमटते? सोलापुरात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही बोलतात, हे खरे का? नळाला येणारे पाणी कोठून येते? यांची उत्तरे निघण्यापूर्वी ठाऊक करून घ्यावीत. त्यासाठी चादरीच्या एखाद्या कारखान्यात जाऊन यावे लागेल, शेजारच्या तेलुगू भाषिक आजींशी बोलावे लागेल, आणि भीमेचे पाणी भीमाशंकरापासून उजनीपर्यंत नकाशावर बोटाने काढावे लागेल. सुटीच्या पहिल्या आठवड्याला एवढे काम पुरे आहे.