उंच आकाशातील वारा

झाडाचे पान हलले की वारा वाहत आहे, हे लहान मुलालाही कळते. परंतु जमिनीपासून २४० किलोमीटर उंचीवर ना पान, ना धूळ, ना ढग! तेथे फुगा पोहोचत नाही आणि अग्निबाण काही मिनिटांतच खाली येतो. मग तेथील वारा मोजावा कसा?

ध्रुवप्रदेशात या प्रश्नाचे उत्तर आकाशच देते. वेगाने उतरणाऱ्या विद्युत्कणांच्या आघाताने तेथील ऑक्सिजन उजळतो. सुमारे ११० किलोमीटरवर हिरवा आणि त्याहून बराच वर तांबडा. हे उजळलेले अणू वाऱ्याबरोबर वाहत असतात. शिटी वाजवीत जवळ येणाऱ्या आगगाडीचा स्वर चढलेला व दूर जाणारीचा उतरलेला भासतो. १८४२ साली डॉपलर याने सांगितलेला हा नियम प्रकाशासही लागू आहे. मात्र वाऱ्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर असला, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीत पडणारा फरक दहा लाखांत एका भागाएवढाच असतो! तो टिपणारे उपकरण फाब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केले. दोन समांतर, अर्धपारदर्शक काचांमध्ये प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होऊन त्याची वर्तुळे उमटतात. त्या वर्तुळांच्या आकारातील सूक्ष्म बदलावरून वाऱ्याचा वेग काढतात.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील डोंगरावर २००८ साली उघडलेल्या वेधशाळेत अशी उपकरणे आहेत. तेथे हिवाळ्यात सुमारे साडेतीन महिने सूर्य उगवत नाही. इतरांना उदास वाटणारा हा काळोख म्हणजे निरीक्षकांची सुगीच होय. तथापि ढग दाटून आले, की ती रात्र वाया जाते.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२२ मध्ये भूचुंबकीय वादळाने वरची हवा तापून फुगली, तिचा रोध वाढला आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी बहुतेक उपग्रह खाली येऊन जळून गेले. तापलेली हवा कोणीकडे वाहत जाते, हे नीट कळल्यावाचून उपग्रहांच्या मार्गाचे भाकीत अचूक होणार नाही.

परंतु हे ज्ञान चार रात्रींत मिळत नाही. सूर्याच्या क्षोभाचे चक्रच सुमारे ११ वर्षांचे आहे. म्हणून नोंदी पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहिल्या पाहिजेत. डॉपलरने नियम मांडला तेव्हा उपग्रहांची कल्पनाही त्यास नव्हती. तात्काळ लाभ दिसत नाही म्हणून निरीक्षण थांबविणे, हे पीक दिसत नाही म्हणून पेरणीच सोडून देण्यासारखे आहे.