मुद्रा बदलली, नोटीस तीच

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून १९२८ साली नोटा बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांवर पंचम जॉर्जचे चित्र होते. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर अशोकस्तंभाचे सिंह आले. २०२२ मध्ये दिल्लीतील राजपथाचा कर्तव्यपथ झाला, नौदलाच्या निशाणावरचा इंग्रजी क्रूस गेला. गुलामीच्या खुणा पुसाव्यात, याबद्दल आमचे भांडण नाही. प्रश्न एवढाच, की बायकांच्या आयुष्यावरच्या खुणा या यादीत कधी येणार?

मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली बाई सल्ला केंद्रात येते, तेव्हा अनेकदा तिच्या हातात वकिलाची नोटीस असते : 'नांदायला ये.' पोटगीचा अर्ज केला की पाठोपाठ ही नोटीस. माहेरचे म्हणतात, दिल्या घरी राहावं, आपली रीतच आहे. पण कोर्टात दावा लावून बायको परत मिळवण्याची ही रीत आपली नाहीच. ती इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांची. इंग्रजांच्या कोर्टांनी ती इथे आणली.

रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. असल्या दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, हेही त्यांनी नोंदवले. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी उलटा हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. खुद्द इंग्लंडात अशी कैद १८८४ मध्येच बंद झाली होती. टिळकांसारखे सरकारचे कडवे विरोधक या प्रश्नावर रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले. परका कायदा आणि स्वकीय परंपरा यांची गाठ बसली, ती बाईच्या विरोधात. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून बसला आहे. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. १८६० च्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीचे ओझे उतरवले, असे सांगण्यात आले. नवऱ्याने केलेल्या बलात्काराला दिलेली सूट मात्र कलम ६३ मध्ये तशीच उतरवून घेतली!

कोणी म्हणेल, कलम ९ बायकोलाही वापरता येते. कागदावर खरे आहे. पण घरात राहण्याचा हक्क हवा असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. मनाविरुद्ध एका छताखाली राहण्याचा हुकूम मात्र बाईला नवऱ्याच्या अंथरुणापर्यंत नेऊन सोडतो.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी कराव्या लागतील. नोटीस आलेल्या बाईला गप्प बसू देऊ नका. दाव्यात हजर राहिली नाही तर निकाल एकतर्फी होतो. शिवाय असा हुकूम झाला तरी केवळ त्यामुळे पोटगी बुडत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तो निकाल वस्तीवस्तीत सांगा. आणि कलम ९ रद्द करण्याचा ठराव प्रत्येक गटाने करावा. रस्त्यांची नावे बदलणाऱ्यांना विचारू या : ही इंग्रजी नोटीस तुम्ही कधी फाडणार?