यंत्र आणि गृहस्थ : दाबमापकाची नळी

टर्बो बसविलेल्या पेट्रोल मोटारी आतां मध्यम स्थितीच्या घरांतूनही दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर तरुण मंडळींची एक नवी हौसही आली आहे. कारखान्यानें न दिलेला बूस्ट गेज, म्हणजे दाबमापक, बाजारांतून आणून तो चालकासमोर बसवावयाचा. हौसेला आमचा विरोध नाहीं. परंतु दुसऱ्या दिवसापासून गाडी उभ्या जागीं थरथरूं लागली, म्हणजे वडील मंडळी गाडीस दोष देतात व चिरंजीव पेट्रोलास! बहुधा दोष असतो तो बोटाहून बारीक अशा एका रबरी नळीचा.

थ्रॉटलच्या पुढें जो मॅनिफोल्ड असतो, त्यांतील हवेचा दाब हा मापक दाखवितो. इंजिन नुसतें चालू असतां थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो व पिस्टन हवा ओढीत असतात. म्हणून तेथें बाहेरच्यापेक्षां दाब कमी. समुद्रसपाटीस निकोप इंजिनाचा काटा साधारणतः पाऱ्याचे १८ ते २२ इंच इतकी ओढ दाखवितो. पुण्यास दीड-दोन इंच कमी दिसले तर तो उंचीचा परिणाम समजावा. डिझेल गाडीस हा हिशेब लावूं नये.

मापकासाठीं मूळची नळी कापून तींत 'टी' घालतात, आणि गळती सुरू होते ती येथेंच. उष्णतेनें कडक झालेलें रबर ओढतांना चिरतें. मग मोजणीयंत्रास चुकवून हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें आणि इंजिन आचके देतें. टर्बो जोरांत आला कीं तीच हवा उलट बाहेर फुसफुसते.

कोणती नळी कापली, हा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों. ब्रेकच्या सर्वोकडे जाणारी नळी कधींही कापूं नये. ती गळाली तर ब्रेक दाबण्यास दुप्पट-तिप्पट जोर लागेल. वेस्टगेटची नळीही वर्ज्य. ती गळाली तर झडप उशिरां उघडून दाब मर्यादेबाहेर चढतो, आणि त्याची किंमत इंजिन देतें.

इंजिन चालू असतां साबणाचे बुडबुडे शोधणें व्यर्थ, कारण हवा आंत जात असते. इंजिन थंड व बंद असतां बाकीचीं टोकें बुचानें बंद करून मापकाकडील टोकांतून सायकलच्या पंपानें हळूच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडा जागा सांगतो. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारून गळती शोधण्याची कांहीं मिस्त्रींची रीत घरीं मुळींच करूं नये.

चिरलेल्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे चार दिवसांची सोय. नळी लांब असेल तर टोक पात्यानें सरळ कापावें, नाहींतर नवीच घ्यावी. टी नळीच्या मापाचीच हवी. क्लिप बेताची आवळावी, नळी टर्बोच्या धगीपासून दूर न्यावी, व पत्र्याच्या भोंकांत रबरी कडी बसवावी.

शेवटीं, इंजिन बंद ठेवून ब्रेकचें पायडल कडक होईपर्यंत चार-पांच वेळां दाबावें व दाबून धरूनच इंजिन सुरू करावें. पायडल किंचित खालीं गेलें तर ठीक. न गेलें तर गाडी दाराबाहेर काढूं नये.